मैया उजव्या हाताला

(सप्ताहातील पाचव्या दिवशीचे कीर्तन. गायनाचा भाग गाळून केवळ निरूपण येथे घेतले आहे.)



आजच्या सेवेला वाटेचा विषय घेतला आहे, आणि त्याला कारण तुम्हीच आहात. दुपारी पारायण उठलं, मी जरा टेकलो होतो, तेवढ्यात तुमच्या गावची चार मंडळी आली. म्हणाली, "महाराज, कार्तिकी एकादशी झाली की आम्ही नर्मदा परिक्रमेला निघतोय. गाडी ठरली, आचारी ठरला, शिधा भरला. एवढंच सांगा, वाटेसाठी साधन कोणतं घ्यावं?" त्यांच्यात दोन पक्ष झालेत म्हणे. पोरं म्हणतात, फोनात सगळी दुनिया आहे, दुसरं काय पाहिजे? म्हातारे म्हणतात, फोनाचा भरवसा नको, माहीतगार माणूस घ्या. दोन दिवस पारावर हेच चाललंय!

मी म्हटलं, आता नाही सांगत, रात्री उभा राहून सांगतो. कारण हा प्रश्न तुमच्या गाडीचा आहे, तसाच तो सगळ्या परमार्थाचा आहे.

आपल्याकडे तीन शब्द आहेत. साध्य, साधन आणि साधक. जिथं जायचं ते साध्य. ज्याच्या आधारानं जायचं ते साधन. आणि जो निघाला तो साधक. भांडण कशावरून होतं? साधनावरून. साध्यावरून कोणी भांडत नाही, कारण त्याचा विचारच कोणी करत नाही! आणि साधक? तो गाडीत मागच्या सीटवर झोपलेला असतो. हसू नका. मी माझंच सांगतोय. ती गोष्ट पुढं येणार आहे.

आधी साध्य काय ते बघू. नर्मदा परिक्रमा म्हणजे काय? नदी एक हजार तीनशे बारा किलोमीटरची. अमरकंटकला उगम, भरूचच्या पुढं सागराला संगम. जगात नद्या पुष्कळ, पण उगमापासून संगमापर्यंत दोन्ही तटांनी जिला प्रदक्षिणा घालायची अशी ही मैया. पायी करणाऱ्याला तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवस अशी जुनी मर्यादा सांगितली आहे. आपल्या माणगावचे टेंबे स्वामी सगळा भारत पायी हिंडले आणि शेवटी मैयाच्याच काठी, गरुडेश्वरी, १९१४ साली समाधिस्थ झाले. आपण कलियुगातली माणसं, गुडघे दुखतात, रजा मिळत नाही, म्हणून गाडीनं जातो. जाऊ द्या, त्यातही भाव आहे. पण नियम? नियम पायी जाणाऱ्याला आणि गाडीनं जाणाऱ्याला एकच. मैया सदैव उजव्या हाताला राहिली पाहिजे, आणि मैया ओलांडायची नाही.

ओलांडायची नाही म्हणजे किती? ओंकारेश्वरला दक्षिण तटावर संकल्प सोडला की समोर बेटावर ओंकारनाथाचं देऊळ दिसतं. घंटा ऐकू येते. पण जाता येत नाही! मध्ये मैयाची धार आहे. परिक्रमा पुरी होईल तेव्हा जायचं. देव समोर उभा आणि भक्त म्हणतो, 'देवा, आता नाही, सगळं फिरून येतो.' असा हा नियम.

तिकडं सागराकडं गेल्यावर विमलेश्वरहून नावेत बसायचं आणि पलीकडं मिठीतलाईला उतरायचं. मैया समुद्राला मिळाली, तिथून समुद्रातून वळसा. गाडीचं काय? गाडी ड्रायव्हर एकटा घेऊन भरूचच्या पुलावरून येतो. संकल्प माणसाचा असतो, लोखंडाचा नसतो!

विठ्ठल विठ्ठल!

हे साध्य झालं. आता साधनांकडे येऊ. मी चार साधनं सांगतो. चारही घ्या. एक घेऊन तीन टाकू नका.

पहिलं साधन फोन. म्हातारे माझ्यावर रागावतील, पण फोनाची निंदा मी करणार नाही. आम्ही गेलो तेव्हा बडवानीला मुक्काम होता. रात्री एकच्या सुमाराला आमच्यातल्या एका गृहस्थांना श्वास घेता येईना. अनोळखी गाव, आश्रमातला सेवेकरी नेमका परगावी. ड्रायव्हर पोरानं फोन काढला, जवळचा दवाखाना शोधला आणि दहा मिनिटांत आम्ही दारात. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. त्या रात्री तो फोन मला देवाच्या हातातल्या शंखासारखा वाटला. मग मी कशाला निंदा करू?

पण त्याचं काम कसं चालतं ते समजून घ्या. वर आकाशात, वीस हजार किलोमीटरच्या वर, उपग्रह फिरत असतात. अमेरिकेचे आहेत, आपल्या इस्रोनंही 'नाविक' नावाची आपली व्यवस्था उभी केली. आता लोकांना वाटतं, तो उपग्रह आपल्याला वरून पाहतो. नाही हो! तो कोणाला पाहत नाही. तो फक्त सांगत राहतो, 'मी इथं आहे, आणि माझ्या घड्याळात इतके वाजले.' खाली तुमचा फोन ते ऐकतो. एकाचं ऐकून भागत नाही, निदान चौघांचं ऐकावं लागतं, तेव्हा तो हिशेब करून म्हणतो, 'मालक, आपण इथं आहोत.' चौघांची साक्ष मिळाल्याशिवाय फोनसुद्धा बोलत नाही, आणि आपण एकाचं ऐकून भावाशी बोलणं टाकतो!

यातून तुमच्या कामाची गोष्ट काय निघते? आपण कुठं आहोत हे कळायला फोनला टॉवर लागत नाही, रेंज लागत नाही. ते आकाशातून कळतं. रेंज लागते ती नकाशा दिसायला. डोंगरात, जंगलात रेंज जाते, नकाशा पुसला जातो, आणि निळा ठिपका कोऱ्या कागदावर एकटाच उभा राहतो. म्हणून घरून निघतानाच सगळ्या वाटेचे नकाशे फोनमध्ये उतरवून घ्या. दोन फोन ठेवा, दोन वेगळ्या कंपन्यांच्या सिमकार्डांचे. आणि फोन ड्रायव्हरच्या हातात देऊ नका. त्याच्या शेजारी एक जण वाटाड्या म्हणून नेमा. चाक एकाच्या हाती, वाट दुसऱ्याच्या डोळ्यात.

दुसरं साधन कागदाचा नकाशा. पोरं हसतील. पण फोन वाट दाखवतो ती मुठीएवढ्या काचेत. पुढचं वळण दिसतं, पण सगळी मैया दिसत नाही. कागद चटईवर पसरा. अमरकंटकपासून खंबातच्या आखातापर्यंत मैया एका नजरेत दिसते. तांबड्या पेन्सिलीनं मुक्काम मांडा. आणि जिथं जिथं पूल आहे तिथं फुली मारा. खलघाटला फुली, नेमावरला फुली, बुधनीला फुली. या जागा सांभाळायच्या. कागदाला चार्जिंग लागत नाही, आणि दहा माणसं भोवती बसून एकत्र बघू शकतात. फोनात एकटा बघतो आणि बाकीचे विचारतात, 'आलं का रे?'

तिसरं साधन वाटेवरचे दगड आणि वरचा सूर्य. मैलाचा दगड नुसता आकडा सांगत नाही, डोक्यावरच्या रंगानं आपली जात सांगतो. पिवळं डोकं म्हणजे राष्ट्रीय महामार्ग. हिरवं म्हणजे राज्य महामार्ग. नारिंगी म्हणजे गावाकडचा रस्ता. पिवळ्यावर चालला होता आणि एकाएकी नारिंगी दगड दिसायला लागले, तर समजा की गाडी वळली आणि तुम्हाला कळलं नाही. आणि सूर्य? ओंकारेश्वरहून दक्षिण तटानं निघालात की तोंड पश्चिमेला, सकाळचा सूर्य पाठीला. सागर फिरून उत्तर तटाला लागलात की सकाळचा सूर्य समोर. रस्ता वळणं घेईल, नदी दहा-वीस किलोमीटर लांब जाईल, दिसणार नाही. पण सकाळी काचेतून ऊन कुठून येतं एवढं ज्याला कळतं, त्याला आपण कोणत्या तटावर आहोत ते विसरायला होत नाही.

चौथं साधन माणूस. आणि माणसाला विचारायचीसुद्धा रीत आहे. आपण काय विचारतो? 'दादा, हा रस्ता महेश्वरला जातो ना?' समोरचा भला माणूस. पाहुण्याचं मन कशाला मोडा, म्हणून म्हणतो, 'हो, जातो.' सगळेच रस्ते कुठून तरी महेश्वरला जातात! असं विचारू नये. विचारावं, 'महेश्वरला कोणत्या रस्त्यानं जाऊ?' आता त्याला स्वतः विचार करून सांगावं लागतं. आणि एकाला विचारलं की दोन मैलांवर दुसऱ्याला विचारा. दोघांचं जुळलं तर चला. मिठीतलाईच्या नावेत तर माणसावाचून साधनच नाही. भरती केव्हा, नाव केव्हा सोडायची, हे नावाड्याला ठाऊक. तिथं आपण मुकाट्यानं बसायचं आणि नाम घ्यायचं.

नर्मदे हर!

(नामगजर)

ऐका महाराज! चार साधनं झाली. आता मी मघाशी कबूल केलेली गोष्ट.

पाच-सहा वर्षं झाली. आम्ही चौदा जण गाडीनं निघालो होतो. मी पुढारी. त्यात आमच्या शेजारगावची एक आक्का होती. पासष्टीच्या पुढची. अक्षराची ओळख नाही. तिच्या मालकांची परिक्रमेची फार इच्छा. पैसा जमेना, आणि जमायच्या आत ते गेले. मग आक्कानं दोन म्हशी राखल्या, दुधाच्या पैशातून रोज थोडं बाजूला टाकलं. अकरा वर्षं टाकलं. मालकांचा संकल्प आपल्या पायांनी पुरा करायचा म्हणून ती आली होती. ओंकारेश्वरला संकल्पाच्या वेळी गुरुजींनी हाताला लाल दोरा बांधला. बाईनं विचारलं, "गुरुजी, मला दिशा कळत नाही, पाटी वाचता येत नाही. मी काय ध्यानात ठेवू?" गुरुजी म्हणाले, "ज्या हाताला दोरा, त्या हाताला मैया. बस." आणि त्या दिवसापासून गाडीत आक्काची जागा ठरली. उजव्या अंगाची खिडकी. कोणाला दिली नाही तिनं.

दक्षिण तट झाला. नावेतून सागर झाला. उत्तर तटानं गरुडेश्वर, मांडू, महेश्वर करत आम्ही नेमावरला आलो. सिद्धनाथाचं दर्शन घेतलं. नेमावर म्हणजे मैयाची नाभी, अर्धी वाट. तिथं एका सद्गृहस्थानं पोटभर जेवू घातलं. दाल-बाटी, वर तूप. आणि त्या तुपानं घात केला! मी गाडीत बसलो, ड्रायव्हर पोराला म्हटलं, "आता जबलपूर घाल." त्यानं फोनात जबलपूर घातलं. मी फेटा डोळ्यांवर ओढला आणि घोरायला लागलो. वाटाड्या झोपला. तेरा यात्रेकरू झोपले.

जागं कोण? फोन जागा. ड्रायव्हर जागा. आणि आक्का जागी.

आता फोनानं काय केलं? त्याला सांगितलं होतं जबलपूर. त्यानं इमानेइतबारे चांगला रस्ता शोधला, वेळ कमी लागेल असा. तो म्हणाला, पुलावरून पलीकडं हंडियाला जा आणि दक्षिण तटानं पुढं चला. यात फोनाचं काय चुकलं? काहीच नाही! पोरगंही परगावचं, नवं. सडक चांगली, पूल समोर. त्यानं गाडी पुलाकडं घातली.

आणि आक्का ओरडली. "थांबव! लेकरा, थांबव गाडी! मैया पुढ्यात आली!"

ब्रेक लागला. भांडी खणाणली. मी दचकून उठलो, फेटा खाली. बघतो तर पुलाचा कठडा समोर, आणि कठड्यापलीकडं मैयाचं पात्र. दुपारच्या उन्हात चमकत होतं. आणखी थोडी गाडी गेली असती तर चौदा जणांची परिक्रमा खंडित. आणि तिच्या मालकांचा संकल्प? अकरा वर्षांचं दूध? सगळं पुलाखालून वाहून गेलं असतं, आणि मी घोरत राहिलो असतो.

पोरगं घाबरलं. म्हणालं, "आजी, इकडून पाऊण तास वाचत होता."

आक्का काय म्हणाली? मी कीर्तनं ऐकली, कीर्तनं केली, पोथ्या वाचल्या, पण असं उत्तर मला सुचलं नसतं. ती म्हणाली, "लेकरा, पाऊण तास वाचवायला मी घरून निघाले नाही."

विठ्ठल विठ्ठल! विठ्ठल विठ्ठल!

मी गाडीतून उतरलो आणि तिच्या पाया पडलो. ती म्हणते, "अहो महाराज, हे काय!" मी म्हटलं, "आक्का, फोन माझा, नकाशा माझा, पुढारपण माझं. आणि वाट तुम्ही राखली."

गाडी वळवली. मग पोराला घेऊन बसलो आणि फोनाला नीट सांगितलं. नुसतं जबलपूर नाही. मध्ये उत्तर तटावरचे थांबे घातले. आधी रेहटी, मग बुधनी, असं एकेक करत पुढं. थांबे घातल्यावर तो मुकाट्यानं उत्तर तटानं चालला. तुम्ही हे घरूनच करून ठेवा. मुक्कामाचं एकच गाव घालू नका, तटावरची गावं ओळीनं घाला. म्हणजे त्याला पूल सुचणारच नाही.

आता यातून काय घ्यायचं? म्हातारे म्हणतील, बघा, फोन वाईट. नाही हो! पोरं म्हणतील, थांबे घातले की झालं. तेवढ्यानंही झालं नाही. नीट ऐका. साधनाला मुक्काम सांगता येतो. साधनाला संकल्प सांगता येत नाही. फोन विचारतो, 'कुठं जायचं?' तो विचारत नाही, 'कशासाठी निघालात?' त्याला कमी वेळाची वाट ठाऊक. तुमच्या मनातली मर्यादा त्याला ठाऊक नाही, आणि ती ठाऊक करून घेणं त्याचं कामही नाही. ती राखणं साधकाचं काम. साधक झोपला की चांगलं साधनसुद्धा त्याला वेळेवर, न चुकता, भलत्या तटावर पोचवतं.

संसारातही हेच नाही का? पोरगं शाळेत घातलं, चांगलं साधन. पैसा मिळवला, चांगलं साधन. घर बांधलं, औतफाटा घेतला, सगळी साधनं चांगली. पण माणूस व्हायला निघालो होतो हे कोणी ध्यानात ठेवायचं? पैशानं ठेवायचं? त्याला जो मुक्काम सांगितला तिकडं तो नेतो. भावाची जमीन ओलांडून जवळचा रस्ता असेल तर तिथूनही नेतो. खिडकीत कोणी तरी जागं पाहिजे, 'थांबव' म्हणायला. घरातली म्हातारी माणसं तेवढ्यासाठी असतात. तुम्ही त्यांना मागच्या सीटवर बसवता!

मार्कंडेय ऋषींची कथा सांगतात. त्यांनी मैयाची परिक्रमा केली. आपण मैया ओलांडत नाही, पण तिला मिळणाऱ्या उपनद्या, ओढे ओलांडतो. मार्कंडेयांनी तेही केलं नाही. उपनदी आली की तिच्या काठाकाठानं उगमापर्यंत जायचं, उगमाला वळसा घालायचा आणि दुसऱ्या काठानं परत मैयाशी यायचं. प्रत्येक उपनदीला असं. सत्तावीस वर्षं लागली म्हणतात. आता मार्कंडेयांच्या हातात फोन असता तर तो दर दहा पावलांना म्हणाला असता, 'मागे फिरा, मागे फिरा!' (हशा) हसलात, पण समजून हसा. त्या ऋषींना जवळची वाट माहीत नव्हती का? होती. समोर दिसत होती. गुडघाभर पाणी, दोन पावलं टाकली की पलीकडं. पण ज्याला पोचायचं असतं त्याच्या दृष्टीनं वळसा म्हणजे वेळेचा अपव्यय, आणि ज्याला प्रदक्षिणा घालायची असते त्याच्या दृष्टीनं वळसा हाच मुक्काम.

म्हणून मायबाप, तुमच्या पारावरच्या भांडणाचा निवाडा असा करतो. फोन घ्या, त्यात नकाशे भरून घ्या, तटावरचे थांबे घाला. कागद घ्या, पुलांवर फुल्या मारा. दगडांचे रंग पोरांना शिकवा. माणसांना रीतीनं विचारा. रात्री गाडी चालवू नका. आणि दर दिवशी गाडीत एकाची पाळी लावा, जागं राहण्याची. जेवणानंतर तर नक्की! त्याच्या हातात फोन नको, नकाशा नको. त्यानं उजव्या खिडकीत बसायचं, हाताच्या दोऱ्याकडं बघायचं आणि मैयाकडं बघायचं. त्या जागेवर लहान-थोर, शिकलेला-अडाणी असा भेद नको. आमच्या गाडीत ती जागा अक्षरशत्रू बाईनं सांभाळली, म्हणून चौदा जणांची परिक्रमा पार पडली.

अमरकंटकचा उगम फिरून आम्ही दक्षिण तटानं ओंकारेश्वरला परत आलो. आक्कानं मैयात जल अर्पण केलं, मग पहिल्यांदा ती बेटावर गेली, आणि ओंकारनाथापुढं उभी राहून मालकांचं नाव घेतलं. बाकी काही मागितलं नाही. हातातला दोरा तिनं सोडला नाही. आज ती नाही. पण मी कोणत्याही गाडीत बसलो की आधी उजवी खिडकी बघतो, तिथं कोण बसलंय. कोणी नसेल तर मी बसतो.

मैया तुमच्याही उजव्या हाताला राहो.

बोला, पुंडलिक वरदे हरि विठ्ठल! नर्मदे हर!